चालू ठेवलेला माईक

सभागृहाच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोक्यात माईकवाला बसायचा. प्रत्येक नगरसेवकापुढे एक माईक आणि सगळ्यांची बटणं याच्या हाताखाली. महापौरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की बोलणाऱ्याचा आवाज तोडायचा, ही नोकरीची कुठेही न लिहिलेली अट. मग महापौर खेदाने सांगत की तांत्रिक बिघाड दिसतोय, आणि विषय मंजूर. घरी जेवताना तो बायकोला सांगायचा, आज या खादाडांनी आणखी एक रस्ता खाल्ला आणि मी वाढप्यासारखा उभा होतो. बायको म्हणायची, पगार होतोय ना, मग गप जेवा.

या वेळच्या सभेत त्याच्याच वस्तीतल्या प्रसूतिगृहाचा विषय होता. ते बंद करायचं आणि ते पैसे पालिकेच्या दारात गाण्यावर नाचणारं, रंगीत दिव्यांचं कारंजं बांधायला वळवायचे. मग बाळंतिणींना काय कारंज्याखाली ठेवायचं? त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. दुसरा सरकारी दवाखाना शहराच्या पार त्या टोकाला, आणि खासगीची पायरी चढायची तर घर विकावं लागलं असतं. तो सभेला निघताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तर तिथेच बसता. एवढं अडवा."

अडवणार काय, कपाळ? पण एक गोष्ट त्याच्या हातात होती. विरोधातल्या एक नगरसेविका, पेशाने शिक्षिका, बोलायला उठल्या तसा महापौरांनी चष्मा काढला. माईकवाल्याने बटणावरचा हात उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. चष्मा पुन्हा चढला, पुन्हा उतरला. शेजारच्या वस्तीतलं प्रसूतिगृह असंच बंद केल्यावर भर रस्त्यात बाळंत झालेली पोर, तिचं दगावलेलं मूल, सगळं बाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं. नोकरी गेली तर जाऊ दे, असं माईकवाल्याने ठरवून टाकलं होतं. यांच्या कानावर कधी काही पडूच दिलं नाही आपण, पडलं तर विरघळतील, शेवटी माणसंच आहेत, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

बाई खाली बसल्या. कुणीतरी जांभई दिली. महापौरांनी विषय मताला टाकला आणि भराभर हात वर झाले. मग खाणं मांडलं होतं तिकडे सगळे निघाले, कुणी कारंज्यात गाणी कुठली लावायची यावर थट्टा करत होतं.

माईकवाल्याने एकेक माईक बंद केला. मेले बहिरे नव्हते. यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

एवढ्यात महापौर खोक्यापाशी आले. शिव्या खायच्या तयारीने तो उठून उभा राहिला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चालू ठेवलास ते बरं केलंस. बोलून मोकळ्या झाल्या बाई. आता बाहेर जाऊन आमचं ऐकलंच नाही म्हणायची सोय राहिली नाही. यापुढे असंच करत जा."

आणि माईकवाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो साहेब."