माती तेवढी

महाल वस्तीतल्या आमच्या आखाड्यात सिव्हिल लाइन्सच्या कचेरीतले एक कारकून रोज पहाटे येत. पन्नाशीचे, पाठीत वाकलेले. लंगोट कसतानाच कण्हत म्हणत, "आज जोर काही होत नाही गा. माती तेवढी उकरून जातो." मग फावडं घेऊन कुस्तीच्या हौद्यातली माती खालीवर करत. घाम आला की, "आता घाम आलाच आहे तं," म्हणत चांगले शंभर जोर मारूनच घरी जात. वर्षानुवर्षं हेच ढोंग. मला हसू येई.

मुदतीच्या तापातून उठल्यावर तीन महिन्यांनी मी गेलो, तेव्हा काडीसारखे हात सदऱ्यात लपवून दारातच थबकलो. त्यांनी फावडं माझ्यापुढे धरलं.

"जोर राहू दे गा. माती तेवढी उकरून जाय."

अर्धा हौदाही उकरून झाला नसेल, मी सदरा काढून खुंटीला अडकवला.