पाणी ओढणारं मशीन

बाळाराम उभं आयुष्य भिवंडीच्या लूमवर काढून घरी आला तो छातीत कापूस घेऊनच. पायरीवर बसून खोकायचं, एवढंच काम त्याला उरलं. म्हणून त्याची बायको कमळा चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पगाराच्या कामाला गेली. वडप्याला हायवेलगत गोडाऊनांची रांग उभी राहिली होती. आतल्या गावांतल्या बायकांना तिथं एकच काम मिळायचं, साफसफाईचं. सकाळी ठेकेदाराचा टेम्पो वेशीवर यायचा, त्यात नऊ जणी दाटीवाटीनं बसायच्या आणि त्यांत सगळ्यात मोठा आवाज पुतळाबाईचा असायचा.

पुतळाबाई कमळाची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. पुतळाबाईचा नवरा लवकर गेला. मुलगा रघू धड कुठं टिकत नव्हता, सून भावना गरीब पण तिखट. या सगळ्याचं रडगाणं पुतळाबाईनं कधी गायलं नाही. तिच्या तोंडून ते गाऱ्हाणंसुद्धा गमतीचं होऊन बाहेर यायचं.

गोडाऊन म्हणजे केवढं, तर आत गावची जत्रा भरवावी आणि तरी जागा उरावी. उन्हाळ्यात खोक्यांची धूळ आणि थर्माकोलचे मणी. झाडू मारला की मणी पुढे पळायचे आणि हाताला चिकटून परत यायचे. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. कंटेनर लागला की शटर वर जायचं आणि पाण्याची लाट आत यायची. खालची खोकी भिजली की सुपरवायझर भाविक डोक्यावर हात मारून ओरडायचा. मग नऊ जणींनी वायपरनं पाणी ढकलायचं, पोचे पिळायचे, बादल्या उचलून बाहेर ओतायच्या. फेनेलच्या पाण्यानं हातापायांच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सुटायची. पण या टोकाला कमळा आणि त्या टोकाला पुतळाबाई, असं बोलणं चालायचं. पत्र्याखाली आवाज घुमायचा. पुतळाबाईनं एखाद्या नणंदेची नक्कल केली की सगळ्या वायपरला टेकून हसत राहायच्या.

कमळाचा मुलगा कुमार. आयटीआय केल्यावर तो काही वर्षं सफाईची मशीनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. मग भिवंडीत बंद पडलेल्या लूमच्या शेडमधला अर्धा गाळा भाड्यानं घेऊन त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. एका संध्याकाळी आई भाकरी थापताना दर वेळी हात वर घेऊन फुंकर मारतेय, हे त्यानं पाहिलं. पिठातलं मीठ कातडीला झोंबत होतं.

"आई, हे काम हातानं करायचं नाहीच मुळी," तो म्हणाला. "ह्याचं मशीन असतं."

"मग भाविकला सांग आनायला."

"जी मिळतात ती गाड्या धुवायच्या गॅरेजसाठी. तुमच्याकडे नाही चालायची. मी बनवतो."

बाजारातल्या मशीनला दोन अडचणी होत्या. धूळ ओढायची तर आत कापडी पिशवी लागते आणि पाणी ओढायचं तर ती आधी काढून ठेवावी लागते. घाईच्या कामात बाई ती काढायला विसरली की पिशवी भिजून चिखलाचा गोळा होतो आणि मशीनचा श्वास कोंडतो. दुसरी अडचण तोंडाची. वीतभर तोंडानं एवढं गोडाऊन ओढायचं म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची. कुमारनं ठरवलं, तोंड हातभर रुंद करायचं, पुढं ब्रश आणि मागं रबराची पट्टी. पाणी आत येताना सरळ वर न उडता टाकीच्या भिंतीला आपटून गोल फिरत खाली बसावं, म्हणजे वर जाळीत राहिलेली पिशवी कोरडी राहील. टाकी भरली की आतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, वर येऊन ओढ आपोआप बंद करेल. टाकी उचलायची भानगड नको म्हणून तळाला नळी.

एकदा दुपारच्या सुट्टीत तो टेप घेऊन गोडाऊनच्या गेटवर आला. बायका सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. जमिनीपासून कोपरापर्यंत एकेकीची उंची तो मोजू लागला, कारण दांडी तेवढी उंच हवी, नाहीतर कंबर जाते.

पुतळाबाई हात पसरून उभी राहिली. "बेलाउज शिवतंस काय रं? जरा ढिला ठेव, दिवाळीला लाडू खायचं हायेत."

सगळ्या हसल्या. कुमारही हसला. त्यानं सगळ्यांच्या मापांतून मधलं एक माप काढलं.

पहिली चाचणी घरच्या अंगणात झाली. कुमारनं साबणाचं पाणी ओतलं, मशीन लावलं. पाणी सुर्रकन गेलं, पण थोड्या वेळानं मशीनच्या डोक्यातून पांढरा फेस भसाभसा बाहेर येऊ लागला. फेस हलका, त्यानं फ्लोट उचललाच जात नव्हता. फेस सरळ मोटरीत चढला आणि मोटर जळाली. बाळाराम खोकत खोकत हसला. कुमार मात्र तोंड पाडून बसला. मग त्यानं जाळी बदलली, फ्लोटभोवती पिंजरा केला, मोटरीला थंड ठेवणारी हवा आणि ओढलेली हवा यांच्या वाटा वेगळ्या केल्या. उन्हाळाभर तो गाळ्यातच राहिला. पाऊस लागेपर्यंत मशीन तयार झालं.

गोडाऊनमध्ये दाखवायचं ठरलं तेव्हा ते कमळानंच चालवलं. त्या दिवशी तीन नंबरच्या शटरखालून घोट्याएवढं पाणी आलं होतं. कमळानं पदर खोचला, बटण दाबलं आणि चालू लागली. तिच्या मागं लादी कोरडी होत गेली. ठेकेदार, भाविक, फोर्कलिफ्टवाले, सगळे बघत उभे राहिले. बायकाही वायपर हातात धरून उभ्या राहिल्या.

"काकी, एकदम सही!" भाविक ओरडला. "नऊ जणींचं काम एकटी करतेय!"

कमळाला त्या क्षणी फार बरं वाटलं. आपल्या पोरानं केलं, आपल्यासाठी केलं. पुतळाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि "नऊ जणींचं" हा शब्द कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. ठेकेदाराच्या मात्र राहिला.

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी तो टेम्पोपाशी येऊन उभा राहिला. "उद्यापासून कमळाकाकी आणि ही वनिता, दोघीच. बाकीच्यांना कुठं काम निघालं की मी बोलावतो."

पुतळाबाई म्हणाली, "मशीन बंद पडलं तर आमालाच बोलाव हां."

ती हसली, पण तिच्याबरोबर कुणी हसलं नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोत एवढी शांतता कधी नव्हती. काढलेल्यांतली आनंदीबाई पदरानं डोळे पुसत होती. कमळा मधोमध बसली होती आणि खांद्याला खांदा लागूनही तिला वाटत होतं की आपल्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी आहे.

घरी येताच तिनं कुमारला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"आई, मी मशीन विकलं. माणसं काढा असं कुणाला बोललो नाही."

"म्हंजी ठावं व्हतं."

"मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी आणून दिलं असतं."

"दुसऱ्यानं आनलं असतं तर मी पुतळीच्या दारात जाऊन बसले असते. दोघींनी मिळून शिव्या घातल्या असत्या. आता कशी जाऊ?"

दोघींसाठी टेम्पो पाठवणं ठेकेदाराला परवडेना. तो बंद झाला. कमळा आणि वनिता चालत जाऊ लागल्या. गोडाऊनच्या आत वनिता एका टोकाला कचरा भरायची आणि कमळा मशीन ओढायची. मशीनचा घरघराट एवढा की हाक मारली तरी ऐकू जात नसे. हाताची कातडी भरून आली, कंबर दुखायची थांबली. कुमारनं जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं झालं. घरी गेल्यावरही कानात घुं घुं चालू राहायचं.

पुतळाबाईला हायवेच्या पलीकडच्या गोडाऊनमध्ये परत आलेला माल निवडायचं काम मिळालं. तिथं जायला रस्ता ओलांडावा लागे. दुभाजक एका ठिकाणी फोडलेला होता, माणसं तिथूनच जा-ये करायची. कधीतरी दोघींची वाटेत गाठ पडायची. पुतळाबाई आधीसारखंच बोलायची, "काय गं मशीनवाली?" त्यात विष नव्हतं. कमळालाच ते टोचायचं. ती वनिताच्या पुढं पुढं चालत राहायची.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळची वेळ होती, कमळा दोन नंबरच्या रांगेत मशीन ओढत होती. भाविकनं येऊन तिच्या खांद्याला हात लावला. तिनं बटण बंद केलं.

"काकी, बाहेर चला. तुमच्या गावची कोण बाई... रोडवर."

फुटलेल्या दुभाजकापाशी गर्दी होती. कंटेनर पुढं जाऊन थांबला होता, त्याचा ड्रायव्हर पळून गेला होता. कुणीतरी अंगावर मोठं खोकं उलगडून घातलं होतं. बाहेर फक्त पाय होते. बोटांच्या मधली कातडी अजून पांढरी होती. फेनेलनं गेलेली कातडी पायांची लवकर भरत नाही, चिखल्या राहतातच. कमळानं खोकं बाजूला केलं नाही. ती रस्त्यावर बसली, ते पाय मांडीवर घेतले आणि पोलीस येईपर्यंत तशीच बसून राहिली. गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या.

पुतळाबाईच्या दहाव्याला कमळा गेली तेव्हा बायका सरकून बसल्या, पण कुणी "ये" म्हटलं नाही. भावना चुलीपाशी होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "टेम्पो असता तर आत्या कशाला त्या रस्त्यानं गेली असती?"

कमळानं पानावरचा घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

नंतर कितीतरी दिवस ती कामावर जायची, यायची आणि घरात कुणाशी बोलायची नाही. कुमार बघत होता. एका रविवारी तो गोडाऊनमधून मशीनचं डोकं सोडवून घरी घेऊन आला. आतून त्यानं जाड फोम लावला, हवा बाहेर पडायची वाट नागमोडी केली, रबराच्या गाद्या बदलल्या. संध्याकाळी त्यानं ते आईसमोर चालू केलं. पूर्वीच्या निम्माही आवाज नव्हता.

"बघ आई. आता शेजारी माणूस बोलला तर ऐकू येईल."

कमळा ते ऐकत राहिली. मग म्हणाली, "येईल रं. पन तिथं बोलनार कोन हाय?"

कुमारनं बटण बंद केलं. पाना खाली ठेवला आणि अंगणात जाऊन पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना कमळाला दिसले. ती उठून गेली नाही. दुसरा कुठला दिवस असता तर गेली असती.

माघात वनिता बाळंतपणाला माहेरी गेली. ठेकेदार म्हणाला, आता एकटीनं भागवा. आणि त्याच आठवड्यात भावना कमळाच्या दारात येऊन उभी राहिली. रघूनं पुन्हा काम सोडलं होतं. तिला आत यायचं नव्हतं हे उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"वनिताची जागा खाली झाली ना?"

"तिच्या जागेवर कुनाला घेत न्हाय."

भावना वळली.

"थांब," कमळा म्हणाली. "माजी जागा हाय."

ठेकेदारानं आधी नकार दिला. नवी बाई मशीन बिघडवील म्हणाला. कमळानं सांगितलं, मी शिकवते, मगच जाते. तिनं भावनाला बरोबर नेलं. पिशवी कशी झटकायची, पाण्यात वायर येऊ द्यायची नाही, ओढ थांबली की टाकी भरली असं समजायचं आणि नळी सोडायची, सगळं दाखवलं. भावना झटके देऊन मशीन ओढत होती. रबराची पट्टी लादीवर करकरत होती.

"राग मशीनवर नको काढू. पट्टी फाटल."

"मग कुनावर काढू?"

"माज्यावर काढ."

भावनानं तिच्याकडं पाहिलं. मग मशीन ओढत ती पुढच्या रांगेकडं वळली. शेवटच्या दिवशी भावनानं मशीन जागेवर लावलं आणि निघून गेली. तिनं आभार मानावेत अशी कमळाची अपेक्षा नव्हती. शिव्या घातल्या असत्या तर मात्र तिला बरं वाटलं असतं.

आता कमळा परसातली भाजी घेऊन अंबाडी गावच्या बाजाराला बसते. कुमारचं बरं चाललं आहे. गाळा पुरेना म्हणून त्यानं शेजारचाही घेतला. मध्ये एकदा त्यानं आईला विचारलं होतं, "नवीन पार्टीला मशीन दाखवायला येशील का? तुझ्यासारखं कुणाला चालवता येत नाही." ती नको म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. दोघं ताटाला ताट लावून जेवतात, भाताचं, पावसाचं, बापाच्या औषधाचं बोलतात. त्यापलीकडचं काही निघत नाही.

परवा आनंदीबाई बाजारात तिच्याजवळ येऊन टेकली. ती अजून रोजंदारीवर कधी इथं कधी तिथं जाते. भिवंडी-वाडा रस्त्याला नवी गोडाऊनं होतायत असं तिच्या कानावर आलं होतं.

"लय मोठी हायेत म्हनत्यात," ती म्हणाली. "सफाईला बायका लागतील ना गं? तुज्या कुमारची वळख असंल तर सांग त्याला."

त्या गोडाऊनांची मशीनं कुमारच्या गाळ्यात रांगेनं उभी होती. फक्त चाकं बसवायची राहिली होती. कमळानं मेथीची जुडी सोडली, पुन्हा बांधली.

"लागतील," ती म्हणाली. "एक-दोघी लागतील."