कपाटामागची ओळ

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्या भांडवलावर अर्जुनकाकांबद्दल लिहिणं मला आगाऊपणाचं वाटतं. पण आमच्या वस्तीबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करा.

काका रंगारी. अंबरनाथच्या आमच्या वस्तीतली निम्मी घरं त्यांनीच रंगवलेली. कोणाकडे नुसते चहाला गेले तरी बोलता बोलता त्यांचा अंगठा भिंतीवरून फिरायचा. काम घेतलं की आधी खिशातलं फडकं स्पिरिटमध्ये भिजवून जुन्या रंगावर घासायचे. फडक्याला रंग आला तर खाली पाण्यात कालवायचा रंग, नाही आला तर ऑइल पेंट. "आपण मागून आलो. आधी कोण बसलंय ते विचारायला नको?" असं म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी जयंतीसाठी वस्तीतलं बुद्धविहार रंगवायचं ठरलं. थिनरने काकांची छाती धरली होती, काम बंद होतं. "त्यांना कशाला त्रास?" असं मी मंडळात म्हणालो. खरं तर मला स्वतः करून दाखवायचं होतं. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले, उल्हासनगरहून पाण्यात कालवायच्या, बिनवासाच्या प्लास्टिक पेंटचे डबे आणले आणि एका रविवारी आम्ही हॉल पांढराशुभ्र केला. पुस्तकांचं लोखंडी कपाट जड, म्हणून ते न हलवता बाजूनेच ब्रश मारला.

जयंतीला पाच दिवस असताना शिडी भिंतीला घासली आणि हातभर पापुद्रा सुटून लोंबू लागला. मी टोक धरून ओढलं, तर साय निघावी तसा रंग निघतच गेला. खाली जुना निळा ऑइल पेंट चकाकत होता.

"आता काय, साहेब?" मंडळातला सुहास म्हणाला.

काकांकडे जायचं मला धाडस झालं नाही. आईने त्यांना आणलं. त्यांनी पापुद्रा उचलून बघितला.

"कपाट हलवलेलं का?"

"नाही, काका."

"हलव."

मागे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'खाली ऑइल. घासल्याशिवाय वर पाण्याचा मारू नये. अर्जुन रंगारी.'

"कॉलेजवाल्या, एवढी पुस्तकं वाचतोस, माझी एक ओळ नाही वाचलीस?"

पोरं हसली. काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "विचारायचंस रे मला. खोकला छातीला आहे, तोंडाला नाही."

पुढचे दिवस ते नाकाला रुमाल बांधून दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आम्ही पांढरा खरवडला, चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला आणि वर पुन्हा पांढरा मारला. "घाई नको. धरू दे त्याला," आत कोणी ब्रश उचलला की ते ओरडायचे. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नखाने भिंत खरवडून बघितली. काही निघालं नाही. "राहील आता," एवढंच म्हणाले. मग कपाट जागेजवळ आणायला लावून, आम्हाला बाहेर काढून ते त्याच्या मागे एकटेच थोडा वेळ थांबले.

नंतर काका मुलीकडे सोनिवलीला राहायला गेले, मी पुण्याला हॉस्टेलवर. प्रत्येक सुट्टीत जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो आणि आईचा फोन आला.

"अर्जुनकाका गेले रे. पंधरा दिवस झाले. तुझी परीक्षा, म्हणून कळवलं नाही."

ती पुढे म्हणाली, "विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाची श्रद्धांजली सभा झाली. माणसं मावेनात म्हणून कपाट हलवलं, तर मागे काकांच्या हातचं लिहिलेलं. सुहासने वाचून दाखवलं."

"काय लिहिलंय?"

"खाली ऑइल, मध्ये प्रायमर, वर पाण्याचा. आणि शेवटी रंगाऱ्याचं नाव. तुझं लिहिलंय."