मुखेडच्या रानात आप्पांचा मुक्काम

लातूर जिल्हा नवा झाला आणि यांची बदली तिथल्या कचेरीत झाली. दुष्काळ होता. सारा दिवस टँकरची वाट पाहण्यात जाई. कंटाळून यांनी एक रात्र रानात काढायला मित्राचा तंबू मागून आणला. निघताना आमच्याकडेच राहणारे माझे सासरे, आप्पा, म्हणाले, "मी बी येतो." उदगीरला सारा जन्म कापडदुकानाच्या गादीवर बसलेला माणूस! पण चप्पल घालून तयारच होते.

मुखेडला एसटीतून उतरलो आणि पायीच डोंगरात शिरलो. रान वाळलेलं, पण रिकामं नव्हतं. पळस फुलला होता, धावड्याची खोडं उन्हात पांढरी दिसत होती, बोरीच्या जाळीतून तित्तर ओरडत होते. कोरड्या नदीकाठी तंबू उभारला तर तो दोनदा कोसळला. आम्ही हसत होतो, तेवढ्यात वानरांनी पाण्याची घागर लवंडवली.

"शेवटची एसटी गाठू," हे म्हणाले.

मलाही तेच वाटलं. प्रवासात आप्पांचं दुपारचं जेवण राहिलं होतं आणि संध्याकाळची लिंगपूजा (गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा) झाल्याशिवाय ते घास घेत नाहीत. पूजेला पाणी हवंच.

आप्पा मात्र नदीत उतरले. रानडुकरांनी उकरलेली ओलसर जागा पाहून म्हणाले, "पोरी, ताट दे इकडं. लहानपणी झिरे (वाळूतले पाण्याचे खड्डे) लई खांदलेत."

तिघांनी ताटांनी वाळू उपसली. हळूहळू गढूळ पाणी साचलं, मग निवळलं. आप्पा ओंजळ भरणार, तोच एक धनगर बाई शेळ्या घेऊन आली आणि काठावरच थांबली.

"बाबा, जनावरं सकाळधरनं तहानलीत. तुमचं होऊ द्या, मग पाजते."

आप्पांनी दिवस किती राहिलाय ते पाहिलं. "न्हाई बाई, आधी त्यांना पाज."

शेळ्यांनी झिरा कोरडा केला. आप्पा वाळूवर बसून राहिले. मीच सारखी झिऱ्यात डोकावत होते. पाणी पुन्हा चढायला बराच वेळ लागला, तोवर बाईने ओचाभर पळसफुलं आणली. दिवस मावळता मावळता पूजा झाली. मग तिने आमच्या पातेल्यात शेळीचं दूध काढलं. धुरकट चहा आणि ज्वारीची भाकरी आप्पांनी मिटक्या मारत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लातूरला परतलो. शेजारीण टँकरजवळ उभी होती. तिने विचारलं, "आप्पा, जंगलात काय बघून आलात?"

"झोपून आलो," आप्पा म्हणाले. "लई दिवसांनी."

सासूबाई गेल्यापासून रात्रभर माजघरात आप्पांच्या येरझाऱ्या ऐकू येत. तंबूत मात्र ते घोरत होते, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी तंबू एवढ्यात यांच्या मित्राकडे परत पाठवला नाही.