भांडीवालीच्या मुलीचा परिचय

"आता हिचा काय परिचय करून द्यायचा! हिची आई आमच्या घरी भांडी घासायची," सर माइकवर म्हणाले.

सभागृह हसलं. कौतुकानंच हसलं, म्हणून जास्त लागलं. कर्वेनगरच्या एका कॉलेजात अर्थसंकल्पावर चर्चासत्र होतं. मी प्रमुख पाहुणी. माझ्या शेजारच्या प्राध्यापकांचा परिचय नुकताच झाला होता. त्यांची पुस्तकं, समित्या, परदेश दौरे. त्यांच्या आईनं काय घासलं, ते काही कुणी सांगितलं नाही.

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. आई त्यांच्याकडे कामाला होती, हे खरंच आहे. शाळा सुटली की मीही तिथं जायची, मोरीशेजारी बसून अभ्यास करायची. सरांच्या घरच्या बाई चहा द्यायच्या, कान तुटलेल्या कपात. तो कप मागच्या खिडकीत वेगळा असायचा. आई तो विसळून पुन्हा तिथंच पालथा घालायची. मला वाटायचं, खास माझ्यासाठी ठेवलाय. किती खूष असायची मी!

पुढे बायकांच्या मजुरीवर प्रबंध केला, कॉलेजात शिकवलं, मग सरकारात गेले. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही महिला-बालकल्याण बघा. महसूल वगैरे फार किचकट असतं." महसुलाचे अंदाज शेवटी मीच करून द्यायची. मांडायला साहेब.

आणि कार्यक्रम कुठलाही असो, परिचय ठरलेला. वस्ती, भांडी, जिद्द. मग शाल, नारळ, टाळ्या. नारळाच्या वड्या करून करून वीट आला. भांडायचं कुणाकुणाशी? दमायला होतं हो. घरी आले की आई विचारायची, "काय बोलले गं तुज्याबद्दल?" मी म्हणायची, "चांगलं बोलले."

त्या दिवशी आई पहिल्या रांगेत होती. मीच हट्टानं आणलं होतं तिला. नवं लुगडं नेसून आली होती. सर बोलले आणि सगळे माना वळवून तिच्याकडे बघायला लागले. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

माझं डोकंच फिरलं. सर शाल घेऊन आले तर मी उठलेच नाही.

"शाल राहू द्या, सर. माझा परिचय अजून झालेला नाही."

"अगं, कौतुकच करतोय तुझं."

"पाहुण्यांना अहो म्हणतात. माझं काम सांगा."

सर माइकपाशी गेले. उभेच राहिले. माझ्या एकाही पुस्तकाचं नाव त्यांना आठवेना. आणि म्हणे मार्गदर्शक! मी भाषणाचे कागद पर्समध्ये टाकले, खाली उतरले, आईचा हात धरला आणि बाहेर पडले.

रिक्षात आई रडली. "कशाला बोललीस? मोठी मानसं ती." मी खूप थकले होते.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. गैरसमज झाला म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणाले. या वेळी 'या' म्हणाले.

"येईन," मी म्हटलं. "माझं काम वाचून या. आणि आईचं काम सांगायचंच असेल, तर आधी मागच्या खिडकीतला कप सांगा. तुम्ही नाही सांगितलात, तर त्याच माइकवर मी सांगेन."