शालूच्या गुडघ्यांचं निमित्त

शालू गेली हे मला तिच्या सुनेने फोनवर सांगितलं, आणि खरं सांगू... रडू यायच्या आधी रागच आला. देवळीच्या शाळेपासूनची माझी मैत्रीण, आणि शेवटच्या घटकेला तिच्या उशाशी कोण, तर परवा-परवा घरात आलेली अश्विनी!

नदीच्या वळणावर दगडगोट्यांचा एक काठ आहे. तिथे गाडी जात नाही. पऱ्हाटीच्या धुऱ्याने, म्हणजे कपाशीच्या बांधावरून, मग बाभळीतून उतरत पायीच जावं लागतं. लग्न होऊन मीही तिच्याच सासरच्या गावात आले, तेव्हा शालूने मला तिथे नेलं. ऊन ऊन गोट्यांवर आडव्या पडून आम्ही आपापल्या सासवांचा यथेच्छ उद्धार करायचो. "कोणाले सांगजो नोको वं, हे आपल्या दोघीचं," ती म्हणायची. पुढे स्वतः सासू झाल्यावर अश्विनीची गाऱ्हाणीही तिने तिथेच सुरू केली... भाजीत मीठ नाही, सकाळी उठत नाही. मी मनातून खूष. मागच्या वर्षापासून मात्र जाऊ म्हटलं की म्हणे, "नाई वं, माहे गुडघे गेले." मग मीही विषय सोडला.

तेरवीच्या पंगतीत अश्विनी माझ्याजवळ बसली. "मावशी, आई अन् मी दर मंगळवारी नदीवर जात होतो. गोट्यावर."

घास हातातच राहिला. दर मंगळवारी! जळले मी, सरळ सांगते. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून हिच्यावरच घसरले. "अन् तिचे गुडघे?"

ती गोंधळली. "त्यायचे कुठी दुखत होते? तुमचे दुखतात ना. आई म्हणत, 'तिले उतरवत नाई, पण मोठी मानी आहे, कबूल नाई करत. म्हणून मी माह्याच गुडघ्याचं नाव सांगून देतो.'"

केवढी ही माया! डोळे भरून आलेच... पण एक गोष्ट काही केल्या पचत नाही. म्हणजे आमच्या त्या काठावर बसून ह्या दोघी माझ्या गुडघ्यांची चर्चा करत होत्या!

परवा अश्विनी मला नदीवर न्यायला आली. उतारावर तिने हात पुढे केला. "लागत नाई मले," म्हणत मी बुडावर घसरत उतरले, आणि शालू जिथे पडायची तिथे घाईघाईने जाऊन बसले.

"मावशी, आई तिथं नव्हत्या बसत," अश्विनी म्हणाली. "त्या अलीकडे इथं, सावलीत बसत."

"आमच्या वेळी इथंच बसायची," मी म्हटलं, आणि उन्हातून हलले नाही.