दाराखालची पट्टी

झोपमावशींचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती. जे पोर आई-बाप, आजी, मोबाइल, गाडीतली चक्कर असं कशालाच दाद देत नाही, ते मावशींच्या पाळणाघरात दुपारचं जेवण झालं की ओंडक्यासारखं पडायचं. आयांना शंका यायची. एकीने तर तोंडावर विचारलं होतं, दुधात काही घालता का म्हणून. मावशी रागावल्या नाहीत. तिला एका दुपारी थांबवून घेतलं आणि चटईवर पोराशेजारी आडवं व्हायला सांगितलं. पोराच्या आधी आईच घोरायला लागली. तेव्हापासून गल्लीत त्यांचं हे नाव पडलं.

युक्ती साधीच होती. पोराच्या अगदी जवळ, कपाळाला नाक लागेल इतकं जवळ पडायचं. आधी त्याच्याइतकाच भरभर श्वास घ्यायचा, तोही जरा मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असा. दोघांचा ताल जुळला की मग आपला श्वास हळूहळू लांबवायचा. पोराला पत्ता लागत नाही, ते मागोमाग येतं. मावशी म्हणायच्या, आधी त्याच्या गावी जायचं, बोट धरायचं आणि आपल्या गावी घेऊन यायचं. हे करताना दर दोन-तीन दिवसांनी त्या स्वतःही झोपी जायच्या, हा भाग त्या सांगायच्या नाहीत. तो काका सांगायचे.

काका म्हणजे मावशींचे यजमान. फरशीच्या कारखान्यात उभी हयात गेली आणि तिथल्या बारीक धुळीने फुप्फुसं निम्मी करून टाकली. जिना चढायचा म्हटलं तर मधे एकदा थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळायचे, जणू रंगच बघायला थांबलेत. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पाळणाघर आणि आतल्या खोलीत काका. पोरांनी मोडलेल्या गाड्या, चाक निखळलेले लाकडी हत्ती, फुटके डबे असं सगळं दाराच्या उंबऱ्यावर जमा व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन परत जायचं. दोन खोल्यांमधलं दार कधी लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याची कडी रंगात बसून गेली होती.

मग तो आजार आला. सगळ्या जगाची दारं एकदम लागली, तसं पाळणाघरही बंद झालं. चटया गुंडाळून कपाटावर गेल्या. मावशी दुपारी बाहेरच्या खोलीत बसायच्या आणि काका आतून विचारायचे, आज कोणी रडत कसं नाही. पहिल्यांदा दोघं हसले. नंतर नंतर ते विचारायचे बंद झाले.

असे बरेच महिने गेले आणि एक दिवस जाहीर झालं की आता पाळणाघरं उघडता येतील, ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर. आरोग्य निरीक्षक घरी पाहणीला आले. कपाळासमोर धरायचं ताप मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, त्याने मावशींचा ताप इतका कमी दाखवला की निरीक्षकांनी ते दोनदा झटकलं. आतून काका म्हणाले, "साहेब, बाई गार पडलीय का तेवढं बघा." निरीक्षकांना हसू आलं असावं, मास्कमुळे कळलं नाही. खोली मोजून झाल्यावर मावशींनी त्यांना सरळच विचारलं, उघडू की नको. ते म्हणाले, परवानगी आहे, सक्ती नाही. मावशींनी पुन्हा विचारलं, घरात असा माणूस आहे, तुम्ही असता तर काय केलं असतं. त्यावर ते बूट घालायला लागले.

डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले शक्यतो टाळा. दूरच्या शहरातली मुलगी म्हणाली, आई, बाबांच्या छातीत जागा किती उरलीय तुला माहीत आहे, विषयच काढू नकोस. प्रत्येकाने आपापलं सांगितलं, आणि मोरीत शेवटचं भांडं उरावं तसा निर्णय मावशींसाठी उरला. मावशींनी तो घासला. उघडायचं नाही असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या.

दुसऱ्याच दिवशी मुंगळ्याची आई आली. मुंगळा म्हणजे पाळणाघरातला चार वर्षांचा मुलगा. एकदा पायाला चिकटला की ओढून काढावा लागायचा, म्हणून हे नाव. त्याची आई नर्स होती, नेमकी त्याच आजाराच्या वॉर्डात. मुलाला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. शेजारीण सांभाळत होती, पण नर्सची ड्यूटी कुठे आहे हे कळल्यावर तिने दार उघडणं सोडलं. तसं तिचंही काय चुकलं, असं नर्स स्वतःच म्हणाली. ती फाटकाबाहेरच उभी होती, आत यायला तयार नव्हती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली,

"मावशी, मी काल त्याला कुलूप लावून गेले."

मावशींना आधी समजलं नाही.

"टीव्ही लावून दिला, खायला ठेवलं, गॅस बंद केला. मधून मधून फोनवर कॅमेऱ्यातून बघत होते. तो दारासमोर बसून होता, दिवसभर. टीव्हीकडे पाठ करून."

ती गेल्यावर मावशी कितीतरी वेळ फाटकाशीच होत्या. घरात आल्या तर काकांनी सगळं ऐकलेलं. भिंती पातळ होत्या. म्हणाले, उघड. मावशींनी विचारलं, आणि तुम्ही. काका म्हणाले, "मी आतच. मला काय कोणाच्या मांडीवर झोपायचंय?"

एकाच मुलासाठी पाळणाघर उघडायचं ठरलं. काका कामाला लागले. जुना पंखा काढून त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीत असा बसवला की तो खोलीतली हवा रस्त्याकडे फेकेल. मधल्या दाराची कडी रंग खरवडून मोकळी केली. दाराच्या फटींमध्ये जुन्या रजईच्या पट्ट्या ठोकल्या, आणि सगळ्यात जाड पट्टी खाली, उंबऱ्यापाशी. अगरबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं. धूर सरळ खिडकीकडे गेला तेव्हा कारखान्यात भट्टी पेटल्यावर मारायचे तशी त्यांनी दारावर थाप मारली. मावशी बाहेरच्या खोलीत राहतील, मास्क उतरवणार नाहीत, काका मागच्या अंगणाच्या दाराने ये-जा करतील, जेवण मागच्या खिडकीतून. एक नियम चुकला तर दुसरा आहेच, असं काका म्हणाले. ते पटण्यासारखं होतं.

संध्याकाळी मावशी अंघोळ करून मागच्या खिडकीशी ताट घेऊन जायच्या आणि हातभर लांब थांबायच्या. काका म्हणायचे, लग्नाआधी मी तुमच्या घरामागे तुझ्यासारखाच उभा राहायचो, फक्त तेव्हा जेवण मिळायचं नाही. मावशी म्हणायच्या, तेव्हा माझे वडील होते, आता मीच आहे, जास्त बोललात तर आताही मिळायचं नाही.

मुंगळा आला, पण पूर्वीचा मुंगळा आला नाही. पायाला चिकटेना. यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. हत्ती दिला तर घ्यायचा आणि मांडीवर ठेवून पुन्हा दाराकडे बघायचा. झोपेचं तर नावच नको. चटईवर टाकला की डोळे उघडे, अंग ताठ. मावशींनी लांबून श्वासाची युक्ती करून पाहिली. मास्कमधून काही ऐकू जाईना, आणि जे जायचं ते पंखा ओढून न्यायचा. तापलेल्या दुपारी पोर तसंच पडून राहायचं, संध्याकाळी आई आली की तिच्या खांद्यावर मान टाकायचं आणि तिथेच अर्ध्या रस्त्यात झोपायचं. चार वर्षांचं पोर पहारा देतंय हे मावशींना बघवेना.

एका दुपारी तो रडला. आवाज न करता रडला, नुसती हनुवटी हलत होती. कुलपाआडच्या त्या दिवशी आवाज करून उपयोग नसतो हे तो शिकला होता. मावशींनी मधल्या दाराकडे पाहिलं. दार घट्ट बंद होतं, पट्ट्या जागच्या जागी होत्या, निदान या बाजूने दिसत तरी होत्या. त्यांनी पंखा बंद केला. मास्क काढला. आणि पोराशेजारी पडून कपाळाला नाक लावलं.

त्याचा श्वास सशासारखा धावत होता. मावशी त्याच्याबरोबर धावल्या. मग हळूहळू त्याला घेऊन परत आल्या. तो झोपला, आणि त्याची मूठ मावशींच्या बाहीत अडकली ती अडकलीच. मुंगळा चिकटला होता. मग तेच रोज होऊ लागलं. मावशींनी काकांना सांगितलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं, फक्त सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी खिडकीत ताट घेताना काका म्हणाले, "हल्ली दुपारी मलाही काय झोप लागते. पूर्वीसारखी."

मावशींचा हात तसाच राहिला. त्यांनी विचारलं, म्हणजे कशी. काका म्हणाले, तुझा श्वास ऐकता ऐकता. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं की त्यांनी काय सांगून टाकलंय.

"खालची पट्टी काढलीय मी," ते म्हणाले. "दुपारी घर अगदी मेल्यासारखं वाटायचं. म्हटलं, तू मास्क लावून असतेस, पंखा चालू आहे, काय बिघडतंय."

"आणि मी म्हटलं, दार बंद आहे," मावशी म्हणाल्या. "काय बिघडतंय."

रागवायचं म्हटलं तरी कोणी कोणावर रागवायचं. काका ताट ठेवून मधल्या दाराकडे गेले आणि हातोडीचे आवाज आले. पट्टी परत बसली. दुसऱ्या दिवशी मावशींनी मास्क लावला, पंखा सुरू केला, आणि मुंगळा ताठ अंगाने छताकडे बघत पडून राहिला.

पण आता उशीर झाला होता. त्याच आठवड्यात नर्सचा फोन आला, तिच्या तपासणीत आजार निघाला होता. मुंगळ्याला एक रात्र कणकण आली आणि सकाळी तो उड्या मारत होता. मावशींच्या तोंडाची चव गेली, अंग ठणकलं, त्यापलीकडे काही नाही. काकांना खोकला सुरू झाला. त्यांचा नेहमीचा खोकला मावशी झोपेतही ओळखायच्या. हा तो नव्हता.

न्यायला गाडी आली तेव्हा काका चालत गेले. फाटकाशी थांबून त्यांनी खांबाचा रंग न्याहाळला. मावशींना बरोबर येऊ दिलं नाही. मुलगी फोनवर रडली, बोलायचं ते सगळं बोलली, मग त्याबद्दल माफी मागून पुन्हा रडली. मावशी म्हणाल्या, तू बोललीस ते बरं झालं, कोणीतरी बोलायला हवंच होतं.

एकट्या घरात त्या तेच तेच मनात फिरवत बसायच्या. आजार नर्सकडून आला, की त्या दूध आणायला गेल्या तेव्हा दुकानातून, की आणखी कुठून. मास्क ठेवला असता आणि पट्टी नसती तर. पट्टी असती आणि मास्क नसता तर. मुंगळ्याला रडू दिलं असतं तर. फाटकच उघडलं नसतं तर. प्रत्येक वेळी हिशेब कुलपापाशी येऊन थांबायचा, कारण कुलूप लावलेलं दार आणि त्यासमोर बसलेलं पोर हे उत्तर म्हणून त्यांना कधीच मांडता येईना.

नर्स बरी होऊन कामावर परत गेली. मुंगळा परत मावशींकडे आला. सगळ्यांना होऊन गेलं होतं, आता एकमेकांना भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाळणाघर आता खरोखर सुरक्षित होतं.

काका नर्सच्याच वॉर्डात होते, यंत्रावर. बोलता येत नव्हतं. एका दुपारी तिने फोन केला. मावशी, मी फोन त्यांच्या कानाशी धरते, काहीतरी बोला, असं म्हणाली. इतक्या वर्षांत खिडकीशी, उंबऱ्याशी, ताटाशी जे बोलणं झालं त्यातलं एकही वाक्य फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. पलीकडून यंत्राचा आवाज येत होता, हवा आत ढकलणारा आणि सोडणारा, कोरडा, भरभर.

मावशी चटईवर आडव्या झाल्या. फोन नाकाजवळ धरला आणि यंत्राबरोबर श्वास घेऊ लागल्या. भरभर, मोठ्याने. ताल जुळला. तो धरून त्या बराच वेळ चालल्या. मग त्यांनी आपला श्वास जरा लांबवला. यंत्र लांबलं नाही. त्या परत मागे गेल्या, पुन्हा त्याच्या तालात आल्या, पुन्हा बोट धरलं, पुन्हा वळल्या. यंत्र आपल्याच चालीने चालत राहिलं. त्यांनी कितीदा केलं कोण जाणे.

"मावशी," नर्स हळूच म्हणाली, "मला दुसऱ्या बेडवर जावं लागेल."

"जा गं," मावशी म्हणाल्या.

काका दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. तेव्हा नर्सची ड्यूटी संपलेली होती.

पण त्या दुपारी, फोन बंद झाल्यावर मावशी उठायला गेल्या तर बाही ओढली गेली. मुंगळा कधीतरी येऊन शेजारी पडला होता आणि गाढ झोपला होता. मूठ बाहीत अडकलेली. आता उठलं असतं तर तो जागा झाला असता. म्हणून त्या तशाच पडून राहिल्या, सावकाश श्वास घेत, समोरच्या उघड्या दारातून काकांच्या रिकाम्या खोलीकडे बघत. दाराखालची पट्टी अजून घट्ट बसलेली होती, आणि दाराबरोबर वाऱ्याने थोडी थोडी फरशीवर घासत होती.